ताटातलं आणि डबीतलं

या महिन्याच्या टपालात 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द इतक्या वेळा आला की संपादकांनी ती सगळी पत्रं एकाच सुतळीत बांधून माझ्याकडे धाडली. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. डी.फार्म. झाले आणि सोलापुरात कन्ना चौकाजवळ तेहतीस वर्षं मेडिकल चालवलं. आता दुकान पुतण्या बघतो, आणि मी घरी बसून लोकांच्या डब्यांवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचते. औषध सुरू करायचं की बंद करायचं, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. डबीत नक्की काय आहे, एवढं मी सांगू शकते.

ताई, माझं वय ५८. अशोक चौकात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. चाळीस वर्षं बिडी ओढली, आता दिवसाला सात-आठच. मुलगा अमेरिकेत असतो, त्याने अँटिऑक्सिडंटची मोठी डबी पाठवली आहे. यानं फुप्फुसं साफ होतात म्हणतो. डबीचा फोटो सोबत आहे. रोज एक घेऊ का?

नको, भाऊ. डबी बंदच राहू द्या. कारण जरा लांबलचक आहे, पण ते तुम्हाला माहीत हवं, कारण मुलगा फोनवर वाद घालणार.

फोटोत दिसतंय ते असं: बीटा कॅरोटीन २५,००० आययू (आययू हे जीवनसत्त्वं मोजायचं एकक), व्हिटॅमिन ई ४०० आययू आणि ग्रीन टीचा अर्क. २५,००० आययू म्हणजे १५ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन. गाजराला केशरी करणारा रंग तो हाच. ऐकायला किती निरुपद्रवी, गाजरच की!

आधी शब्दाचं बघू. शेंगाची चटणी उन्हाळ्यात उघडी राहिली की खवट होते, ते तिच्यातल्या तेलाचं ऑक्सिडेशन. एक रेणू बिघडतो, तो शेजारच्याला बिघडवतो, तो त्याच्या शेजारच्याला. चाळीतल्या भांडणासारखं ते पसरत जातं. आपल्या पेशींच्या पापुद्र्यातही स्निग्ध पदार्थच असतात, आणि तंबाखूच्या धुरात तर असले भांडखोर रेणू ठासून भरलेले. मध्ये पडून भांडण थांबवतो तो पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. इथवर सगळं खरं आहे. खरं आहे म्हणूनच पुढे शहाण्यासुरत्या लोकांची फसगत झाली.

भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना, रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं बऱ्याच पाहण्यांत दिसत होतं. मग तेच गोळीतून दिलं तर? फिनलंडमध्ये १९८५ पासून २९,१३३ पुरुषांवर हा प्रयोग झाला. सगळे ५० ते ६९ वयाचे, सगळे सिगारेट ओढणारे. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, आणि काहींना दिसायला तशीच पण आत काही नसलेली गोळी. पाच ते आठ वर्षं हे चाललं. १९९४ मध्ये निकाल छापून आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. कमी नव्हे, जास्त.

काही तरी चुकलं असेल असं लोकांना वाटलं. पण अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी सुरू होती. सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून १८,३१४ लोक, आणि बीटा कॅरोटीनच्या जोडीला व्हिटॅमिन ए. ती जानेवारी १९९६ मध्ये, ठरल्यापेक्षा २१ महिने आधीच थांबवावी लागली. कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त, मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त. त्याच सुमाराला २२,०७१ डॉक्टरांवरची तिसरी चाचणीही संपली. त्यांच्यात सिगारेट ओढणारे थोडेच होते. बारा वर्षं गोळ्या खाऊन त्यांना ना फायदा झाला ना तोटा.

मला आजही चक्रावून टाकते ती गोष्ट वेगळीच. त्या फिनलंडच्या अभ्यासात, ज्यांना रिकामी गोळी मिळत होती त्यांच्यापैकी मुळात जेवणातून जास्त कॅरोटीन घेणाऱ्यांना कर्करोग कमीच झाला होता. म्हणजे गाजर बरोबर होतं, गोळी चूक होती. गाजरासोबत चोथा येतो, इतर शेकडो द्रव्यं येतात, आणि ते हळूहळू पचतं. शिवाय गाजर खाणारा माणूस एकूणच जरा नीट जगत असतो. गोळीतून एकटं कॅरोटीन मोठ्या मात्रेत धुराने भरलेल्या फुप्फुसात गेलं, की ते स्वतःच ऑक्सिडाइज होऊन त्याचे तुकडे उपद्रव करतात, असं फेरेट नावाच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. भांडण सोडवायला पाठवलेला माणूसच दगड उचलतो, तसं.

आता माझं. १९९५ साली आमच्या दुकानात एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, यायचा. टाय, चकचकीत फोल्डर, आणि दहावर दोन फ्रीची स्कीम. डब्या बीटा कॅरोटीन, सेलेनियम आणि झिंकच्या. 'मॅडम, स्मोकर पेशंटला तर द्याच,' असं त्याचं पाठ केलेलं वाक्य. फिनलंडचा निकाल तेव्हा छापून वर्ष झालं होतं, पण कन्ना चौकापर्यंत तो पोचला नव्हता, आणि पोचवण्यात त्या एमआरचा काही फायदा नव्हता. आमचे मामा, म्हणजे सासरे, गिरणीत काम केलेले. गिरणी बंद पडली तरी बिडी बंद पडली नाही. दिवसाला एक बंडल. मी कौतुकाने रोज सकाळी चहाबरोबर त्यांना ती कॅप्सूल द्यायची. फ्रीमधली नव्हे, विकतच्या डबीतली. दीड-दोन वर्षं.

पुढे फार्मासिस्टांच्या एका रिफ्रेशर वर्गात या चाचण्या ऐकल्या. घरी येऊन डबी कचऱ्यात टाकली आणि मामांना सांगितलं. ते म्हणाले, "सूनबाई, बिडी वाईट म्हणून गोळी दिलीस. आता गोळी वाईट म्हणतीस. मग बिडी दे की." नंतर सासूबाईंकडून कळलं की त्या दोन वर्षांत त्यांची बिडी वाढलीच होती. "सुनेची गोळी हाय की आता," असं ते कट्ट्यावर सांगायचे. मामा २००३ मध्ये अर्धांगाने गेले, फुप्फुसाने नव्हे. पण ती कॅप्सूल म्हणजे बिडीचा परवाना झाला होता, आणि तो परवाना मी दिला होता.

तुमच्या डबीतल्या व्हिटॅमिन ईचंही सांगून टाकते, कारण तुमचं वय ५८. रोजची गरज साधारण १५ मिलिग्रॅम. ४०० आययू म्हणजे पावणेदोनशेच्या वर. ३५,५३३ पुरुषांवरच्या अमेरिकन चाचणीत एवढंच व्हिटॅमिन ई रोज घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला, हे २०११ मध्ये जाहीर झालं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्राव वाढायची भीती वेगळीच. २०२२ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने कर्करोग आणि हृदयविकार टाळण्यासाठी बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई घेऊच नका, असा स्पष्ट सल्ला दिला. मुलाला एवढं वाक्य वाचून दाखवा. तो तिथेच राहतो ना.

गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी खुशाल खा, थोडं तेल घालून. तेलाशिवाय कॅरोटीन अंगी लागत नाही. आणि त्या सात-आठ बिड्या. 'सात-आठच' म्हणून तुम्ही लिहिलंय ना, तो 'च' मी मामांच्या तोंडून पुष्कळ ऐकला आहे. सरकारी रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं. डबी परत पाठवू नका, पोस्टेज वाया जाईल.

वय ३४, बार्शी. हिमोग्लोबिन ८.९ आहे. दोन महिने लोहाच्या गोळ्या घेतेय, तरी फारसं वाढत नाही. रोज डाळिंब आणि बीट खाते. अँटिऑक्सिडंट म्हणून दोन्ही जेवणांनंतर ग्रीन टी घेते, साखर न घालता. आणखी काय करू?

आणखी काही करू नका, एक गोष्ट कमी करा: जेवणानंतरचा चहा. हिरवा असो की आपला लाल, त्यातली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं, तीच ती अँटिऑक्सिडंट, पोटात लोहाला धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. भाजी-भाकरीतलं लोह यामुळे एरवीच्या निम्म्याहूनही कमी शोषलं जातं. म्हणजे तुम्ही एका हाताने लोह देताय आणि दुसऱ्या हाताने परत घेताय. गोळी आणि जेवण यांपासून चहा किमान तासभर लांब ठेवा, दोन तास उत्तम. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर चांगलंच. व्हिटॅमिन सी लोह आत न्यायला मदत करतं. बघा, हेही अँटिऑक्सिडंटच. एक दार लावतो, एक उघडतो, आणि जाहिरातीत दोघांची नावं एकाच ओळीत.

डाळिंबाचं ऐकून वाईट वाटेल. लाल रंगामुळे त्याने रक्त वाढतं असं आपण धरून चाललोय, पण १०० ग्रॅम दाण्यांत लोह अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतं. बाजरीत तेवढ्याच वजनाला सहाच्या पुढे. डाळिंब चवीसाठी खा; रक्तासाठी बाजरीची भाकरी, हिरव्या पाल्याची भाजी, वर लिंबू, आणि चालत असेल तर अंडं-मटण.

पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन महिन्यांत फरक नाही म्हणजे डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. आणि दातांना मिश्री लावत असाल तर तेही. बायका हे सांगत नाहीत. माझ्या काउंटरवर बिड्या वळणाऱ्या बायका यायच्या, लोहाची स्ट्रिप घ्यायच्या आणि पदराआड मिश्रीची डबी लपवायच्या. मला दिसायची.

जाता जाता: 'ग्रीन टी कॅप्सूल' नावाचं काही कुणी सुचवलं तर नको म्हणा. कपाने पिणाऱ्याच्या पोटात त्यातलं मुख्य द्रव्य, ईजीसीजी, दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितलं की पूरक गोळ्यांतून रोज ८०० किंवा जास्त घेतलं तर यकृताला इजा झाल्याची चिन्हं रक्तात दिसू लागतात. वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये ते बऱ्याचदा असतं.

सांगोल्याहून लिहितोय. पाच एकर भगवा डाळिंब आहे. हायवेला स्टॉल टाकतोय. बॅनरवर 'हृदयातील ब्लॉकेज उघडते, कॅन्सर रोखते, अँटिऑक्सिडंटमध्ये जगात नंबर एक' असं लिहावं म्हणतो पोरगा. लिहू का? आणि सालीची पावडर करून विकली तर?

दादा, बॅनरवर 'सोलापूरचं डाळिंब' एवढंच लिहा. २०१६ पासून आपल्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, तो खरा दागिना. ब्लॉकेजचं लिहू नका. अमेरिकेत डाळिंबाचा रस विकणाऱ्या एका बड्या कंपनीने असलेच दावे केले होते. पुरावा पुरेसा नाही म्हणून तिथल्या व्यापार आयोगाने २०१३ मध्ये ते बंद करायला लावले. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. तुमच्याकडे पोरगा आहे.

डाळिंबात काही नाही असं मी म्हणत नाही. त्यात प्युनिकॅलॅजिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. गंमत अशी की ते आहे तसं रक्तात जवळजवळ जातच नाही. आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करून युरोलिथिन बनवतात, आणि ते शोषलं जातं. ते जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकाच घरात एकच डाळिंब फोडलं तरी दोघांना त्याचा लाभ सारखा नाही. काही छोट्या चाचण्यांत रक्तदाब थोडा उतरलेला दिसला आहे. थोडा. गोळी बंद करण्याइतका नव्हे.

'जगात नंबर एक' हे कुठून आलं तेही सांगते. परीक्षानळीत कुठला पदार्थ किती ऑक्सिडेशन थांबवतो याचे आकडे अमेरिकेच्या शेती खात्याने छापले होते. कंपन्यांनी ते डब्यांवर मिरवायला सुरुवात केली. नळीतल्या आकड्याचा माणसाच्या तब्येतीशी संबंध लागत नाही आणि गैरवापर होतोय, म्हणून २०१२ मध्ये त्या खात्याने ती यादीच काढून टाकली. आपल्याकडच्या मेसेजांमध्ये ती अजून फिरते आहे.

खरं म्हणजे झाड ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं आपल्यासाठी करतच नाही. ऊन, कीड, बुरशी यांपासून वाचायला ते रंग आणि तुरट रस बनवतं. एप्रिलच्या उन्हात फळ एका बाजूने करपतं म्हणून तुम्ही वर नेट टाकता. झाडाकडे नेट नाही, त्याच्याकडे ही रसायनं आहेत. म्हणजे ती एका अर्थी झाडाची फवारणी. आपल्या पोटात ती थोड्या मात्रेने गेली की शरीराला हलका चिमटा बसतो आणि ते आपलं स्वतःचं संरक्षण जागं करतं, असं आता बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. चिमट्याचा फायदा आहे म्हणून कुणी सांडशीने धरत नाही.

सालीची पावडर नको. सालीत ही द्रव्यं दाण्यांपेक्षा जास्त आहेत हे खरं, पण तेल्या रोगासाठी, बुरशीसाठी, फुलकिड्यांसाठी वर्षभर तुम्ही काय काय मारता ते मला विचारू नका, तुमच्या डायरीत बघा. ते बसतं सालीवरच. विकायचं काही वेगळं हवं असेल तर केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन विचारा. प्रक्रियेवर तिथे काम चालतं. आणि स्टॉलवर साखरेचा आजार असणाऱ्यांना रसाऐवजी दाणे खायला सांगा. रसात चोथा जातो, साखर राहते.

आईला (६६, अक्कलकोट) गुडघेदुखी. शेजारच्या बाईंनी कर्क्युमिनच्या कॅप्सूल दिल्या, मिरीचा अर्क घातलेल्या. आई म्हणते हळदच तर आहे. तिला रक्तदाबाची एक गोळी आहे आणि लहानपणापासून फिट्सची एक. चालेल का?

आईंना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, तुम्ही एका दिवसात किती चमचे हळद खाता?

हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. घरच्या भाजीत अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद पडते; त्यात कर्क्युमिन ४५ मिलिग्रॅम, तेही घरातल्या चौघांत वाटून. ५०० मिलिग्रॅमच्या ९५ टक्के अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५. म्हणजे जवळपास सोळा ग्रॅम हळद, पाच चमच्यांच्या वर. दोन कॅप्सूल म्हणजे दहा चमचे. 'हळदच तर आहे' हे इथेच संपतं.

वर मिरी. कर्क्युमिन मुळात अंगी लागत नाही. आतडं आणि यकृत त्याला बाहेरचा रस्ता दाखवतात. मिरीतलं पायपरीन त्या पहारेकऱ्यांना गुंगवतं. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं की माणसाच्या शरीरात ते वीसपट पोचतं. जाहिरातवाले हे अभिमानाने सांगतात. पण पहारेकरी गुंगले की दारातून एकटं कर्क्युमिन आत शिरत नाही. फिट्सवरचं फेनिटॉइन आणि रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल, या दोन्हींचं रक्तातलं प्रमाण पायपरीनमुळे वाढतं, हे माणसांवरच तपासलेलं आहे. आईंच्या गोळ्या याच आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर आजच डॉक्टरांना फोन करा. नसतील तरी डॉक्टरांना डबी दाखवल्याशिवाय कॅप्सूल नको.

यकृताचं वेगळं. २०२२ मध्ये अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा जणांचा अहवाल आला. एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे हे सगळ्यांना होत नाही. पण ती खूण आपल्यात आहे की नाही हे कपाळावर लिहिलेलं नसतं. लघवी गडद होणं, अंगाला खाज, भूक मरणं, डोळ्यांत पिवळेपणा: यांतलं काहीही दिसलं तर कॅप्सूल बंद आणि तपासणी.

गुडघ्याला यानं थोडा आराम पडतो, असं काही चाचण्यांत दिसलं आहे, ते नाकारत नाही. म्हणूनच हे औषध समजा आणि औषधासारखंच विचारून घ्या. भाजीतली हळद चालू द्या. सुट्टी, फार पिवळीजर्द पूड मात्र नको. रंग खुलावा म्हणून शिशाचा क्षार असलेलं लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार आपल्याकडे आणि बांगलादेशात सापडलेत. सांगलीची हळकुंडं आणून गिरणीतून दळून आणा, उन्हाळ्यात तिखट दळून आणतो तशीच.

मी जुळे सोलापुरात जिमला जातो. वय २२. ट्रेनरने रोज १००० एमजी व्हिटॅमिन सी आणि ४०० चं व्हिटॅमिन ई सांगितलंय, रिकव्हरीसाठी.

बाळा, २००९ मध्ये जर्मनीत तुझ्यासारख्याच तरुणांना नेमकी हीच जोडी, याच मात्रेत देऊन व्यायाम करवला. गोळ्या न घेणाऱ्यांत व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारलं. घेणाऱ्यांत सुधारलंच नाही. व्यायामात तयार होणारे ते भांडखोर रेणूच स्नायूंना 'तयारीला लागा' असा निरोप देत असतात, आणि गोळ्यांनी निरोप्यालाच गाठलं. तुझ्या पांढऱ्या पेशीही जंतू मारायला तेच रेणू वापरतात. सगळे भांडखोर वाईट नसतात.

शिवाय जास्तीच्या सीचं शरीरात ऑक्झलेट बनतं, मुतखड्यात सापडतं ते. स्वीडनमध्ये २३,३५५ पुरुषांना अकरा वर्षं पाहिलं तर सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखडा जवळपास दुप्पट निघाला. स्वीडनमध्ये. तू मे महिन्यात सोलापुरात घाम गाळतोयस. एक पेरू खा, दिवसाच्या गरजेच्या दुपटीहून जास्त सी मिळतं. ट्रेनरला दुसरा पेरू दे.

सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांनी ल्युटीनच्या गोळ्या दिल्या आहेत, पडदा झिजतोय म्हणून. तुमची मागची उत्तरं वाचून त्या बंद कराव्यात का? (मोहोळ)

अजिबात नको! म्हणूनच मला 'सगळ्या गोळ्या वाईट' असलं वाक्य लिहायला भीती वाटते. वयानुसार पडद्याचा मध्यभाग झिजण्याच्या मधल्या टप्प्यावर व्हिटॅमिन सी, ई, झिंक, तांबं यांचं ठरावीक मिश्रण दिल्याने आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटतो, हे २००१ मध्ये मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. त्यात आधी बीटा कॅरोटीन होतं. २०१३ च्या पुढच्या चाचणीनंतर ते काढून ल्युटीन आणि झिझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं घातली, कारण पूर्वी सिगारेट ओढलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला. सासरे विडीकाडीवाले असतील तर डबीवर बीटा कॅरोटीन नाही ना, एवढं बघून घ्या. अजून झीज सुरूच न झालेल्याने ही गोळी घेऊन मात्र उपयोग नाही.

बहिणीचं जबड्याच्या कॅन्सरचं रेडिएशन चालू आहे. ताकद यावी म्हणून अँटिऑक्सिडंट सिरप देऊ का? (पंढरपूर)

विचारल्याशिवाय एक चमचाही नाही. रेडिएशन गाठ मारतं ते बऱ्याच अंशी ऑक्सिडेशन करूनच. तुम्ही मध्ये पडाल तर कुणाला वाचवाल ते सांगता येत नाही. कॅनडात डोकं-मान भागाच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांपैकी निम्म्यांना रेडिएशनच्या वेळी आणि पुढे तीन वर्षं व्हिटॅमिन ई देऊन पाहिलं होतं. गोळी चालू असतानाच्या काळात त्यांच्यात दुसरा नवा कर्करोग जास्त निघाला. तोंड सोललेलं असेल, गिळवत नसेल, तर मऊ आंबील, मुगाचं वरण, ताकभात, अंडं. घरात जी जी बाटली आहे ती पिशवीत घालून पुढच्या फेरीला डॉक्टरांसमोर ठेवा. काढाही.

मी सोलापूरची, लग्न होऊन पुण्यात. आईने दिलेली शेंगाची चटणी महिन्याभरात खवट लागते. शेंगदाण्यात व्हिटॅमिन ई असतं ना, मग ती टिकत का नाही?

असतं ग, पण ते संपतं. दाणा अख्खा असतो तोवर तेल आत बंद असतं. उखळात कुटलं की तेल सुटतं, हवा लागते, आणि दाण्यातलं ई स्वतः झिजत झिजत तेलाला वाचवतं. ते संपलं की खवटपणा झपाट्याने येतो. बरणी काचेची, कोरडी, तोंडापर्यंत भरलेली आणि अंधारात ठेव. आठवड्यापुरती बाहेर काढ, बाकीची फ्रीजमध्ये. ओला चमचा घालायचा नाही, हे आई सांगून सांगून थकली असेल.

खवट चटणी टाकून दे. आणि दाणे भाजायच्या आधी निवडताना काळे, सुरकुतलेले, हिरवट बुरशी आलेले निघाले तर ते वेगळे काढून फेक. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजूनही पुरतं जात नाही आणि यकृत बिघडवतं. वाया नको म्हणून सासरी कुणी ते गाईला घालायला सांगेल. घालू नकोस, दुधातून ते परत घरातच येतं.